तिसऱ्या सिलिंडरचा ठोका

क्षयाची इंजेक्शनं घेऊन रुपराव मिस्तरी वाचला, पण त्या औषधानं त्याचे कान नेले. हे फक्त त्याच्या बायकोला, वच्छलेला ठाऊक होतं. नागपूरजवळ, अमरावती रोडवरच्या वाडीच्या गॅरेजात तो समोरच्याचे ओठ पाहून उत्तरं द्यायचा. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगणारा मिस्तरी म्हणून ड्रायव्हर त्याला शोधत यायचे. कान गेल्याचं कळलं तर त्याला कोण ठेवणार होतं?

एकाहत्तर सालच्या मे महिन्यात एका सकाळी धोंडबा आपली अ‍ॅम्बेसेडर टॅक्सी घेऊन आला.

"चढावर खटखट करते गा. तिघांनी पाहिलं, कोणालेच समजून नाही राहिलं. अकरा वाजता सीताबर्डीहून सवारी घेऊन अमरावतीले जायचं आहे."

गॅरेजचे मालक महादेवराव शेजारी येऊन उभे राहिले. रुपरावनं पेचकसाचं लोखंडी टोक इंजिनावर टेकवलं आणि त्याची लाकडी मूठ कानाला लावली. काही नाही. इंजिन थरथरताना दिसत होतं, तेवढंच. मनगटाला मात्र खालून एक जड हिसका लागत होता. त्यावर विश्वास ठेवायचं धाडस त्याला झालं नाही.

"टॅपेट ढिले आहेत, बारीक काम आहे," तो म्हणाला.

त्यानं टॅपेट कसले. आवाज थोडा कमी झाला असावा, कारण धोंडबा हसत निघून गेला.

वच्छला डबा घेऊन आली तेव्हा रुपराव टायरवर डोकं धरून बसला होता.

"मी खोटं बोललो वं. बेअरिंग गेलं आहे. भर वेगात इंजिन फुटलं, तर गाडी पलटी होईल."

"मंग सांगा ना मालकाले."

"सकाळचं बोलणं काहून बदललं, विचारतील. कानाचं सांगावं लागेल."

वच्छला त्याच्यासमोर उकिडवी बसली. त्याला ओठ नीट दिसावेत म्हणून सावकाश म्हणाली, "गाडीत लेकरं असतील."

रुपराव उठून अमरावती रोडवर गेला; सवारी घेऊन टॅक्सी इथूनच जाणार होती. डांबर चपलांना चिकटत होतं. मागून येणाऱ्या ट्रकांचे हॉर्न त्याला ऐकू येत नव्हते. वच्छला दंड धरून त्याला बाजूला ओढत राहिली. टॅक्सी दिसताच तो तिचा हात झटकून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला.

गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. मागच्या सीटवर एक म्हातारा, दोन बाया आणि तीन मुलं दाटीवाटीनं बसली होती. धोंडबा शिव्या देत उतरला.

"इंजिन बंद नको करू," रुपराव म्हणाला.

बॉनेट उघडून त्यानं पेचकसाची लाकडी मूठ दातांत धरली आणि टोक इंजिनावर टेकवलं. ठोका दातांतून थेट कवटीत शिरला. मग एकेका प्लगची वायर काढून तेवढा सिलिंडर बंद करून पाहिला. पहिली काढली, दुसरी काढली, ठोका तसाच. तिसरी काढली आणि ठोका मेला. परत लावली तर पुन्हा सुरू.

"तिसऱ्या सिलिंडरचं बेअरिंग गेलं."

महादेवराव गॅरेजातून धावत आले होते. "सकाळी तर टॅपेट म्हणत होता ना तू?"

"मालक, मले ऐकू येत नाही. आठ महिने झाले."

आपण हे ओरडून बोललो की पुटपुटलो, त्याला कळलं नाही. सगळे मात्र त्याच्याकडं पाहत उभे राहिले.

सवारी एसटीनं गेली. दुपारी गॅरेजात ऑइल चेंबर खोलला. काळ्या ऑइलात धातूचा चुरा चमकत होता आणि तिसरं बेअरिंग झिजून कागदासारखं झालं होतं. धोंडबानं रुपरावचे दोन्ही हात घट्ट धरले.

महादेवरावांनी झिजलेलं बेअरिंग उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, "उद्यापासून मागं पार्ट धुवायले बस. गिऱ्हाइकासमोर येऊ नको. बहिऱ्याले गाडी कोण दाखवणार गा?"

रुपरावनं मान डोलावली.

घरी जाताना अंधारून आलं होतं. वच्छला चालता चालता काहीतरी बोलली. तिचे ओठ त्याला दिसले नाहीत. काय म्हणालीस, असं त्यानं विचारलं नाही.