एका तारेवरचं दळण

मी नाथाजी, कुंडलचा. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी व्हायोलिन शिकलो. शिकलो म्हंजे काय, एक तार शिकलो. लोक इचारत्यात, गड्या, उसाला पाणी पाजायचं सोडून ह्ये कुठलं खूळ? लोकांचं काय जातंय इचारायला. इतके दिवस कुणाला काय बोललो न्हाई, आज सांगतो.

जर्मन-जपानची लढाई संपली त्या साली गावात पिठाची गिरणी आली, इंजिनाची. आख्खं गाव बघायला गेलं. मी बघून आलो आणि दुसऱ्याच दिवशी घरातलं जातं उचलून गिरणीवाल्या तात्याबाला देऊन टाकलं. बायकोचे हात वाचतील, असं माझं डोकं. तात्याबानं त्येचे दोन्ही दगड गिरणीच्या पायरीला बसवले.

माझी बायको साळूबाई. जातं तिच्या आईनं लग्नात दिलेलं. ती रानातनं आली, जात्याची रिकामी जागा बघितली, आणि माझ्याशी बोलायची बंद झाली. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणात माझा हात कोण धरत न्हाई. पण ही गप. सांगायचं ते म्हशीला सांगायची, "चंद्रे, तुझ्या धन्याला म्हणावं भाकरी थंड झाली." मग मी पण म्हशीलाच उत्तर द्यायचो. म्हैस वैतागली, दूध कमी झालं.

मी सांगलीहून नवं जातं आणलं. तिनं त्याला म्हैस बांधली. जुनं काढायला पायरी उकरली, तर दगड मधोमध चिरलेला. आणि ओव्या बंद. पयलं ती रोज पहाटं दळायची आणि गायची, मी वाकळंत पडून ऐकायचो. वीस वर्षं ऐकलं, चांगलं हाय असं एकदा तोंडातनं निघालं न्हाई. आता पहाटं जाग यायची आणि घर खायला उठायचं. लय वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू.

त्यात एकदा दाढ काढायला मिरजेला गेलो. गाडीला येळ व्हता म्हणून सतार-तंबोऱ्याच्या गल्लीत हिंडत बसलो. घरात कसला तरी आवाज पायजे, एवढंच डोक्यात. तंबोरा घेणार व्हतो, पण त्यो परतीच्या सर्व्हिस मोटारीत मावंना. व्हायोलिन मावलं.

शिकवायला सांगलीत नानासो भेटले, नाटक कंपनीत वाजवून वाजवून म्हातारे झालेले. गुळाच्या पेठेत माझी फेरी असायचीच, तवा त्यांच्याकडं जायला लागलो. त्यांनी सांगितलं, मांडी घाला, वाद्याचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकवा आणि एकच तार मोकळी वाजवा. हातातला गज तारेवरनं वर, गज खाली. बोट लावायचं न्हाई. मी इचारलं, असं किती दिवस? ते म्हणाले, सूर येईपर्यंत.

घरी येऊन गज वढला तर असा किंचाळला की कोंबड्या उडाल्या. आता आमच्याकडं काय बी करकरलं की त्याला वंगण. गाडीचं चाक असू दे न्हाईतर मोटेचं. मी गजाला गाडीच्या आसाचं काळं वंगण चोपडलं. आवाज एकदम बंद. मला वाटलं, जमलं. नानासोंनी गज हातात घेतला आणि काळी झालेली बोटं धोतराला पुसली. त्याला घोड्याच्या शेपटीचे केस असत्यात, ते सगळे बदलून घ्यावे लागले. वंगण न्हाई, तेल न्हाई, फक्त राळ, म्हंजे झाडाच्या चिकाचा वाळका खडा, घासायची, असं त्यांनी तीनदा बजावलं. किती घासायची, ते सांगायचं राह्यलं.

मी आख्खा खडा घासला. पहाटं उठून मांडी घातली आणि गज वढला. घर्रर्र. परत वढला. घर्रर्र. किंचाळणं गेलं व्हतं, पण सूर कुठला? जड, खरखरीत, ज्वारी भरडल्यावाणी. मला माझीच लाज वाटली. पण हट्टाला पेटलो व्हतो, वढत राह्यलो.

साळूबाई चुलीपाशी पाठ करून डाळ निवडत बसली व्हती. थोड्या येळानं बघतोय तर ती डुलतीया. मग तिच्या गळ्यातनं बारीक आवाज निघाला. तिचं तिला पण कळलं नसावं.

आईनं दिलं जातं, गेलं गिरणीच्या दारी
इचारलं न्हाई मला, असा माझा कारभारी

माझा हात थांबला न्हाई. थांबला असता तर ती पण थांबली असती, एवढी अक्कल मला तवा आली. दीड वरीस मला वाटत व्हतं, दगड गेला म्हणून राग हाय. राग दगडाचा न्हवताच. डोळ्याला पाणी आलं, पण दोन्ही हात गुंतलेले, पुसता येईना.

तवापासनं रोज पहाटं आमचं दळण सुरू झालं. मी घरघर करायची, तिनं गायचं. पीठ पडायचं न्हाई एवढंच. चार-आठ दिवस ओवीत माझाच उद्धार चालला, मग तिचा भाऊ आला, माहेर आलं, म्हैस पण आली. बोलणं मात्र अजून म्हशीमार्फतच.

पण रोज वढून वढून माझा हात बसला. राळ बेतानं लावायला शिकलो. चार महिन्यांनी नानासो डोळे मिटून ऐकत बसले आणि म्हणाले, नाथाजी, सूर आला, आता बोटं शिकवतो. मी लय खुशीत घरी आलो. दुसऱ्या दिवशी पहाटं तार अशी गोड बोलली की मलाच खरं वाटंना. साळूबाईनं सूप पुढ्यात वढलं आणि गप निवडत बसली. त्याच्या दुसऱ्या दिवशी पण गप. तिसऱ्या दिवशी पण.

चौथ्या दिवशी मी राळेचा नवा खडा हातात घेतला. सगळा घासायचा, पयल्यासारखी घरघर काढायची, असं ठरवून बसलो व्हतो. घासणार तेवढ्यात थांबलो. जातं उचललं तवा पण मी असंच तिचं भलं माझं मीच ठरवलं व्हतं.

"साळू," मी म्हणालो. म्हशीला न्हाई, तिला. "ह्ये असं वाजवू, का पयल्यासारखं? तू सांगशील तसं."

ती वळली. एवढ्या दिवसांत पयल्यांदा तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं.

"पयल्यासारखं घरघरू द्या," ती म्हणाली. "आन जरा दमानं वढा. तुमी लय घाईनं दळताय."

नानासोंना मी निरोप धाडला, बोटं राहू द्या. आणि आख्खा खडा घासून मांडी घातली.