सगुणाचं गुलाबी दार

वेसाव्याच्या कोळीवाड्यात होडीला रंग लागला, की उरलेला घराला लागायचा. नारळी पौर्णिमा जवळ आली की रामनाथची होडी हिरवी व्हायची, आणि तिच्यामागोमाग दार, खिडक्या, कपाट, खाट, सगळं हिरवं. सगुणा लग्न होऊन आली तेव्हापासून या हिरव्यातच नांदत होती. यंदा मात्र तिनं बाजारात मासळी विकून स्वतःच्या पैशानं गुलाबी रंगाचे डबे आणले आणि नवऱ्याला बजावलं, "दार या वर्षी माझ्या आवडीचं!"

"दर्यावरनं येताना मी हिरवं दार बघून घर ओळखतो," रामनाथ म्हणाला.

"मग दारात उभी असते ती बायको ओळखता येत नाय का?"

भांडण असंच कुजत राहिलं असतं. पण रविवारी धाकटा दीर चंदर मरोळहून टेम्पो घेऊन आला. तो तिथं फर्निचरच्या कारखान्यात रंगकाम करायचा. मालकाच्या हातापाया पडून त्यानं स्प्रेगन आणि कॉम्प्रेसर दिवसभरासाठी मागून आणला होता. कॉम्प्रेसर धडधडायला लागला आणि सगळी आळी गोळा झाली. सगुणाला तर सकाळपासून चहासुद्धा सुचला नव्हता.

चंदरनं गुलाबी रंगात थिनर घातलं, जुन्या लुगड्यातून रंग गाळला, कडीकोयंड्यावर कागद चिकटवले आणि गन वहिनीच्या हातात दिली. "वयनी, वीतभर लांब धर. हात थांबवू नको. थांबलीस की ओघळ आलाच!"

तेवढ्यात रामनाथ पुढं आला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. हाताची घडी, मान ताठ.

"आता मार बघू!"

आज मागं हटले तर जन्मभर हिरवंच, हे सगुणाला पक्कं कळत होतं.

"तोंडाला फडकं बांध," ती म्हणाली, आणि तिनं चाप ओढला.

फुस्स! रामनाथच्या डाव्या बाजूला गुलाबी पट्टा उमटला. मग उजव्या बाजूला. सुकत घातलेल्या मासळीवर मीठ भुरभुरावं तसा तिचा हात सरसर फिरत होता. ब्रशनं अर्धा दिवस खाणारं काम बघता बघता होत होतं. "अगो बाय! अगो बाय!" ती आनंदानं ओरडत होती. कुणीतरी म्हणालं, "नवीन मारुती गाडीगत चकाकतंय गो!"

रामनाथनं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. त्याचे कान गुलाबी झाले होते. तो हळूच बाजूला झाला, तर दारावर बरोब्बर त्याच्या आकाराचा हिरवा माणूस उरला होता. आळी हसून हसून लोळायची बाकी राहिली.

"हसताय काय?" रामनाथ ओरडला, आणि मग त्यालाच हसू फुटलं. "ह्याला कशाला ठेवलंस? मार याच्यावर पण!"

सगुणानं मारला. शेवटचा हिरवा ठिपका गेला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते थिनरमुळं नव्हतं.

रामनाथनं कपाट स्वतः ओढत अंगणात आणलं. गुलाबी डबा आणि हिरवा डबा त्याच्यापुढं शेजारी शेजारी ठेवले. मग, लग्नानंतर पहिल्यांदाच, त्यानं बायकोला विचारलं, "ह्याला कुठला लावायचा?"

सगुणानं दोन्ही डब्यांकडं आळीपाळीनं पाहिलं.

"थांब जरा," ती म्हणाली. "इचार करू दे."