रंगनाथचं पोकलेन

ताडकळसच्या बाजारात महारुद्रचं वेल्डिंगचं दुकान आहे. यंदा उन्हाळाभर त्या दुकानापुढं एक विचित्र जनावर उभं होतं. मुळात तो मोसंबीच्या बागेतला, फवारणीचा छोटा ट्रॅक्टर. बाग मोडली, ट्रॅक्टर गंजायला लागला, तो रंगनाथनं आणला. आता त्याच्या एकेका बाजूची पुढची-मागची चाकं मिळून एका रुंद पट्ट्यात गुंडाळली होती. पट्टा सेलूच्या एका जिनिंगमध्ये कापूस वाहून वाहून झिजलेला, तिथून काढून टाकलेला. त्यावर महारुद्रनं लोखंडी अँगलचे तुकडे आडवे ठेवून बोल्टनं कसले होते, चिखलात धरून चालावं म्हणून. बाजाराला आलेला माणूस आधी त्या यंत्राकडं बघायचा, मग रंगनाथकडं, आणि विचारायचा, "मामा, लढाईवर कवा निघालाव?"

रंगनाथ नुसता हसायचा. कालव्याच्या कामावर आलेलं, पट्ट्यांवर चालणारं माती उकरायचं पोकलेन गुडघाभर चिखलातून आरामात चालत जाताना त्यानं मागच्या पावसाळ्यात पाहिलं होतं. ते दिसेनासं होईपर्यंत तो बांधावर उभा होता. पोकलेनला जमतं तर आपल्याला का जमू नये, हे तेव्हा त्याच्या डोक्यात शिरलं. आणि रंगनाथच्या डोक्यात शिरलेली गोष्ट बाहेर काढणं त्याच्या बायकोला, सुलाबाईलाही उभ्या संसारात कधी जमलेलं नव्हतं.

हा सगळा उपद्व्याप चालला होता तो सुलाबाईसाठीच. तिच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा परभणीला जाऊन मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं, काही झालं तरी चुकवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. चुकलं की अंगात पाणी साठायचं, चेहरा सुजायचा, चार पावलांत दम लागायचा. एरवी काही अडत नव्हतं. मोटारसायकलवर मागं बसवलं की फाटा, आणि फाट्यावरून जीप. पण रंगनाथचं घर शेतातल्या आखाड्यावर, शेतवस्तीवर, आणि आखाड्यापासून फाट्यापर्यंतची पांदण, म्हणजे गाडीवाट, सगळी काळ्या मातीची. पावसाळ्यात तिच्यातून मोटारसायकल सोडाच, रिकामी बैलगाडीसुद्धा रुतून बसायची. पांदणीचा रस्ता मंजूर झाल्याचं गावानं इतक्यांदा ऐकलं होतं की आता ती बातमी आली तर कोणी विडीही विझवत नसे.

"परभणीत लेकीकडं ऱ्हा की," असं येणारा-जाणारा सांगायचा. लेक मनिषा तिथं शाळेत शिकवायची, आईवर जीव टाकायची. सुलाबाई एक महिना राहिली आणि परत आली. "दोन दिस मशनीला दिले," ती म्हणाली, "राह्यलेले पाच तरी माह्या म्हशींत जाऊ द्या."

म्हणून मग मागच्या पावसाळ्यात तिला बाजेवर न्यायचे. रंगनाथचा पुतण्या सिद्धोधन, शेजारच्या शेतातला आश्रुबा, त्याचा भाऊ बन्सीधर आणि चौथा जो हाताशी असेल तो. बिचाऱ्यांनी कधी कुरकुर केली नाही. पाऊस असला की सुलाबाई डोक्यावरून प्लास्टिकचा कागद ओढून बाजेवर पडून राहायची. एके दिवशी फाट्याजवळ एक म्हातारी डोक्यावर भाजीची पाटी घेऊन येत होती. तिनं लांबून बाज बघितली, पाटी खाली ठेवली, वाटेतून बाजूला सरली आणि हात जोडले. कागदाच्या आतून सुलाबाईनं ते बघितलं. पावसाळा सरला, तूर निघाली, आणि एक दिवस म्हशीपुढं पेंड ठेवता ठेवता ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, "आता पुढल्या पावसात मी बाजेवर बसणार न्हाई."

"मग जायचं कसं?" रंगनाथनं विचारलं.

"न्हाई जायचं. मेल्यावर न्या चौघांच्या खांद्यावर. तवा मी काय म्हणणार हाय? पर जितेपणी रोज रोज न्हाई."

रंगनाथनं समजावलं, चिडला, मनिषाला फोन लावून दिला. काही उपयोग झाला नाही. सुलाबाई आरडाओरडा करणारी बाई नव्हती. ती हळू आवाजात एकदा काय ते सांगायची आणि तिच्यापुरता विषय संपायचा. रंगनाथला भीती वाटायला लागली. पाऊस पडेल आणि ही बया खरंच घरात बसून राहील, आणि आपण तिच्याकडं बघत बसू, या विचारानं त्याचं जेवण कमी झालं. त्यातून तो ट्रॅक्टर आला.

महारुद्रला त्यानं नुसता वैताग आणला. पट्ट्यात अडकल्यानं हँडलची चाकं सरळच राहणार, मग वळायचं कसं, हा प्रश्न होता. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. एक दाबला की ती बाजू थांबते आणि दुसरी फिरून येते. हे सापडलं त्या दिवशी दोघांनी चहाबरोबर भजी खाल्ली. मागच्या लिफ्टवर लोखंडी चौकट जोडली, चौकटीवर हाताची प्लास्टिकची खुर्ची करकचून बांधली, खुर्चीत गोधडी घातली. महारुद्र म्हणाला, "मामा, आता वर छत्री लावा, वाजंत्री मी सांगतो."

"तुझ्या मामीला बसू दे आधी," रंगनाथ म्हणाला, "मग वाजव."

आषाढात झड लागली. पांदणीत चिखल घोट्याच्या वर आला, पातळ, खिरीसारखा. रंगनाथनं आपलं हे पोकलेन त्यात घातलं आणि ते चाललं! बदकासारखं डुलत, दोन्ही बाजूंना चिखल उडवत, पण न थांबता चाललं. सुलाबाई खुर्चीत दोन्ही हातांनी दांडा धरून बसलेली, पदर तोंडात धरून हसत होती. बांधावर बाया जमल्या. आश्रुबा ओरडला, "मामी, तिकीट फाडलं का?" फाट्यावर जीपवाल्यानं टाळ्या वाजवल्या. तो दिवस रंगनाथच्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी एक होता, आणि तो दिवस त्यानं पुढं कितीतरी जणांना पुन्हा पुन्हा ऐकवला. गडी फुगला होता, यात शंका नाही. श्रावणभर खेपा झाल्या. एकदाही बाज अंगणातून हलली नाही.

भाद्रपदात मात्र पाऊस असा कोसळला की ओढ्याचं पाणी पांदणीवर चढलं. त्यात पोकलेन काय आणि आगबोट काय, एक खेप चुकली. सुलाबाईचे डोळे सुजेनं बारीक झाले. रात्री तिला आडवं होता येईना, ती भिंतीला टेकून बसून राहायची. मग पाऊस थांबला, ओढा उतरला आणि लख्ख ऊन पडलं. उघडीप बघून सगळ्यांना हायसं वाटलं. पुढच्या खेपेच्या सकाळी रंगनाथनं पोकलेनला पुसून काढलं, सुलाबाईला उचलूनच खुर्चीत बसवलं आणि म्हणाला, "आज तर वाट निम्मी सुकली. आज मोटरीवाणी नेतो तुला."

इथंच तो फसला. ज्याच्या पायांनी जन्मभर ही माती तुडवली, त्याला एक गोष्ट आठवायला हवी होती. काळी माती पातळ असते तेव्हा नुसती घसरते. ऊन लागून अर्धवट आवळली की चिकटते, आणि असली चिकटते की चप्पल हातात घेऊन चालणाऱ्याच्या पायालाही दर पावलाला मातीचा बूट चढत जातो. गावातलं शेंबडं पोरही हे जाणतं. रंगनाथही जाणत होता. पण त्यानं यंत्र बांधलं ते पावसाला भिऊन. उन्हाला भ्यायचं असतं हे त्याच्या मनातच आलं नाही.

अर्धी पांदण नीट गेली. मग पट्ट्यात माती भरायला लागली. अँगलमध्ये बसली, चाक आणि पट्टा यांच्यामध्ये शिरली, थरावर थर चढून दगडासारखी घट्ट झाली. इंजिन घुसमटायला लागलं. रंगनाथनं जोर दिला. आतलं चाक जागच्या जागी फिरायला लागलं, पट्टा हलेना. त्यानं उतरून खुरप्यानं माती काढली. थोडं पुढं गेलं, पुन्हा भरलं. पुन्हा काढली. त्यानं सिद्धोधनला फोन केला, "ढकलायला या." सिद्धोधन, आश्रुबा, बन्सीधर फावडी घेऊन आले. बाज आणली नव्हती. आणायची नाही हे त्यांना न सांगता कळत होतं.

तिघांनी ढकललं, रंगनाथनं गिअर टाकला. उजव्या बाजूला काहीतरी ताडकन तुटलं. पट्टा चाकावरून उतरून बाजूला पडला, अँगल वाकडे होऊन त्यातले बोल्ट निखळले होते. रंगनाथ चिखलात आडवा झाला, हात आत घालून पट्टा ओढायला लागला. पट्टा एका माणसाला ओढवणारा नव्हता. चौघांनाही तो ओढवला नसता. आश्रुबा म्हणाला, "मामा, राहू द्या." रंगनाथनं ऐकलं नाही. त्याची बोटं सोलवटली तरी तो ओढतच राहिला, कारण ओढायचं थांबवलं की पुढं काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं.

"चल, मी पाठीवर घेतो तुला," तो उठून सुलाबाईला म्हणाला.

तिनं नको म्हटलं नाही. त्यानं तिला पाठीवर घेतलं. दहाएक पावलांत त्याचा पाय मातीत अडकला तो निघेना, आणि तो तिला घेऊन गुडघ्यांवर आला. सिद्धोधननं तिला सावरून परत खुर्चीत बसवलं. तिची छाती भात्यासारखी चालली होती. रंगनाथ तसाच गुडघ्यांवर बसून होता, तोंडाला माती, हात रक्ताळलेले. उठणं त्याच्यानं होईना.

सुलाबाईनं त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "सिद्धोधन, जाय बाबा. बाज घेऊन ये."

कोणी हललं नाही.

"सुला," रंगनाथ म्हणाला, "तू म्हणली होतीस..."

"म्हणले होते." ती दम घ्यायला थांबली. "माह्यासाठी मी बसले नसते. तुमच्याकडं बघवंना मला. जाय रे."

सिद्धोधन पळत गेला. रंगनाथला वाटलं, आपण सहा महिने खपलो ते हिच्या तोंडून 'बाज घेऊन ये' हेच वाक्य वदवून घ्यायला. तो रडला. लोकांपुढं रडायची त्याला लाज वाटली नाही, तेवढंही त्राण त्याच्यात नव्हतं.

बाज आली. सुलाबाईला तिच्यावर बसवलं. तिला निजून श्वास घेता येत नव्हता, म्हणून ती दोन्हीकडचे दांडे धरून बसूनच राहिली. एक कोपरा सिद्धोधननं धरला, एक आश्रुबानं, एक बन्सीधरनं. चौथ्या कोपऱ्याला माणूस नव्हता. गावातली जवान पोरं पुण्याला कामाला गेलेली, आणि कोणाला बोलावून आणायचं म्हणजे अजून उशीर. तिघंही दुसरीकडं बघत उभे राहिले. नवऱ्यानं जित्या बायकोला खांदा द्यायचा नसतो. हे कोणी कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण रंगनाथला "धरा" म्हणायची तिघांचीही जीभ उचलेना. तसा रंगनाथ गावच्या बुद्धविहारात शकुन-अपशकुनांची तासभर खिल्ली उडवायचा, लिंबू-मिरची बांधणाऱ्यांना हसून हसून लोळायचा. आता तो कसाबसा उभा राहिला. त्यानं सदऱ्याला हात पुसले, वाकला आणि चौथा कोपरा उचलून खांद्यावर घेतला.

ते चालायला लागले. पावलागणिक पायाला माती चढत होती. खांद्यावर बाज असली की वर बघता येत नाही. रंगनाथला फक्त समोरची वाट दिसत होती आणि वरून सुलाबाईच्या श्वासाची घरघर ऐकू येत होती. आश्रुबाचं शेत गेलं, बाभळी गेल्या. मग खांद्यावरचं ओझं हळूच सरकल्यासारखं झालं. बसलेलं माणूस कलंडलं की बाज जशी एकीकडं जड होते, तशी ती त्याच्या बाजूला जड झाली. घरघर ऐकू येईना.

"सुला," त्यानं हाक मारली.

वरून काही आलं नाही. तिघांची पावलंही थबकली.

"आगं सुला!"

"हाय," खूप उशिरा आवाज आला. "हाय मी. टेकले जरा. थांबू नका, चाला."

ते पुन्हा चालायला लागले. फाटा अजून लांब होता, आणि चार दिवसांनी पुन्हा याच वाटेनं यायचंच होतं. रंगनाथ दर थोड्या अंतरावर हाक मारत राहिला, आणि प्रत्येक वेळी उत्तर येईपर्यंत खांद्यावरची बाज जड जड होत गेली.