बाळंतिणीच्या खोलीतलं भूत

"निघ! निघ म्हणतो न्हवं! ह्या लेकराला सोड!"

नाथाजी महाराजांनी भिंतीच्या पायथ्याशी असलेल्या नळीवर चिमटा आपटला आणि शंख फुंकला. खोलीत वीसेक माणसं, दारात तेवढीच, खिडकीच्या गजांना चेहरे चिकटलेले. शंख थांबला आणि वरून, भिंतीतून आवाज आला. फुस्स्स! लांबलचक, चिडल्यासारखा. मागोमाग गुडगुड. बायकांनी पदर तोंडाला लावले.

"ग्येलं," महाराज घाम पुसत म्हणाले. "लय हट्टी व्हतं. आता हात लावून बघा."

लालासाहेबांनी थोड्या वेळाने वाकून हात लावला. "आवं, तापली की!"

एकच जयजयकार झाला. मीही हात लावला. नळी खरंच गरम होती. मी तीस वर्षं रहिमतपूरच्या शाळेत विज्ञान शिकवलं. नळी तापली तर आत गरम पाणी आलं, एवढंच मला कळतं. पण त्या गर्दीत माझं कोण ऐकणार?

लालासाहेब म्हणजे निवृत्त सुभेदार. नोकरीची शेवटची वर्षं लेहला काढली. तिथल्या बराकीत भिंतीच्या कडेने गरम पाण्याच्या नळ्या फिरवून खोल्या उबदार ठेवलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. पेन्शनीत आल्यावर मेढ्याच्या वर डोंगरातल्या आपल्या गावी घर बांधलं, तेव्हा तशाच नळ्या घातल्या. अंगणात मोठा बंब, पाणी फिरवायला छोटी मोटर, माळ्यावर, नळ्यांतलं पाणी कमी झालं की भर घालणारी टाकी. लेक माया पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार, तिच्या खोलीत धुराची शेगडी नको, हा त्यांचा हट्ट होता. फिटर हवा म्हणाले, तेव्हा अर्जुनाचं नाव मीच सुचवलं. लालासाहेब फौजेत असताना माया रहिमतपूरला शिकली, ती आणि अर्जुना माझ्या एकाच वर्गातले. प्रयोगाच्या तासाला सगळ्यांत पुढे बसणारा पोरगा.

पोर झाली ती जेमतेम दोन किलोची. साताऱ्याच्या डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं, औषधापेक्षा ऊब महत्त्वाची. आणि घरातल्या तीन खोल्यांपैकी नेमकी बाळंतिणीची खोली गार पडली. दोनदा आपोआप नीट झाली, ती दोन्ही वेळा महाराज आल्यावरच. मी बाळंतविडा घेऊन पोचले, ती ही तिसरी वेळ.

"सुभेदार," महाराज त्या दिवशी जाता जाता म्हणाले, "हे हितलं न्हाई. तुमच्या फौजेच्या पेटीतनं आलंय. बर्फात म्येलेला जोडीदार हाय तुमचा. त्याला थंडी वाजती. तो ह्या पोरीत ऊब हुडकतोय."

लालासाहेबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांचा एक जोडीदार खरंच बर्फात गेला होता, हे मला नंतर कळलं.

"पुन्यांदा गार पडलं तर पोर अकरा दिस माझ्या मठात ठेवायची. आईबिगर. दूध मी मंतरून दीन."

मठ म्हणजे कड्याखालची दगडी खोली. तिथे जानेवारीत दोन किलोचं बाळ! माया माझा हात सोडेना. "बाई, आबा ऐकतील हो त्यांचं," ती म्हणाली. "माझी पोर मरेल तिथं."

दुसऱ्या दिवशी सकाळी नळी पुन्हा गार होती. महाराजांना निरोप गेला, त्यांची जीप यायला तासभर होता. मी बंब पाहिला, रसरसलेला. मोटर चालू. दोन खोल्या तापलेल्या, ही एकच बर्फ. मग मी नळीच्या मागे लागले. या खोलीची नळी पडवीत उघडणाऱ्या मागच्या दारावरून चढून पलीकडे उतरते, बाकी कुठलीच चढत नाही. आणि दाराच्या वर, मागच्या पडवीच्या बाजूला, हवा काढायचा एक छोटा स्क्रू. त्याच्या खाली भिंतीवर ओघळ. स्क्रूच्या डोक्यावर ताजे ओरखडे. माळ्यावर गेले तर टाकी कोरडी.

टाकी भरायचं काम एकाच माणसाकडे होतं, नळ्या बसवणाऱ्या अर्जुनाकडे.

जीप आली. गर्दी जमली. अर्जुनाही अवजारांची पिशवी खांद्याला लावून मागे उभा होता.

"अर्जुना," मी म्हणाले, "टाकी भर."

तो पिशवी खाली ठेवून माळ्यावर गेला. टाकी भरल्यावर मी सगळ्यांना मागच्या पडवीत बोलावलं. महाराजांना म्हटलं, "तुम्ही शंख खाली ठेवा. मंत्र नको, चिमटा नको."

"बाईच्याच अंगात आलंया!" महाराज ओरडले.

"आलंय खरं. राग आलाय."

मी स्टुलावर चढले, अर्जुनाचाच पाना घेतला आणि स्क्रू सैल केला. फुस्स्स! तोच आवाज. मागोमाग पाण्याची चिळकांडी उडाली, मी स्क्रू आवळला. आतून मायाचा आवाज आला, "बाई, तापतीय! तापतीय!"

"हे तुमचं भूत," मी म्हणाले. "टाकी रिकामी केली आणि हा स्क्रू सैल सोडला की नळीत हवा शिरते. हवा हलकी, ती सगळ्यांत उंच जागी, दारावर जाऊन बसते आणि पाण्याची वाट अडवते. तुम्ही सगळे आत शंख ऐकत होतात, तेव्हा इथे एक माणूस टाकी भरून स्क्रू फिरवत होता."

सगळ्यांनी अर्जुनाकडे पाहिलं. महाराज जीपकडे निघाले होते, दोन पोरांनी वाट अडवली.

"पयल्यांदा आपसूकच हवा धरली व्हती बाई," अर्जुना खाली मान घालून म्हणाला. "मी म्हाराजांला बोललो. ते म्हणाले, नव्या मठाचं सगळं फिटिंग तुला दीन."

"आणि हे तुला सुचलं कसं?"

"तुमीच शिकवलं व्हतं न्हवं. हवा वर, पाणी खाली."

लालासाहेब पुढे आले. मला वाटलं मारतात. पण ते हळूच बोलले.

"माझ्या जोडीदाराचं मी घरात कुणाला सांगितलं न्हवतं. बायकोलासुदिक न्हाई. नळ्या टाकताना, च्या पिताना, तुला बोललो व्हतो, अर्जुना."

अर्जुना रडायला लागला. त्याला कुणीच जवळ घेतलं नाही, मीही नाही.

महाराजांची रवानगी पोलिसांकडे झाली, अर्जुनाचा जबाबही झाला. पाना मी मायाला दिला आणि तिला स्टुलावर चढवून स्क्रू कसा फिरवायचा ते दोनदा शिकवलं. पोर आता तीन किलोच्या वर आहे.

अर्जुना अजून रस्त्यात दिसला की नमस्कार करतो. मला तो घेववत नाही. त्याला विज्ञान येत नव्हतं असं नाही, चांगलं येत होतं. ते तुम्हाला येत नाही, यावर त्याचा भरवसा होता. म्हणून सांगते, खोली गार पडली तर आधी टाकी बघा, स्क्रू बघा, आणि शंख वाजत असताना पडवीत कोण उभं आहे ते जाऊन बघा. तान्ह्या लेकराला कुणाच्या हवाली करायच्या आधी एवढं तरी कराच.