मॅडमच्या आईचे डोळे

निवेदिताला राग पटकन येत नसे, आणि आला की लवकर जात नसे. तिच्या नवऱ्याला, हेमचंद्रला, हे लग्नानंतर महिन्याभरातच कळलं होतं. ओदील मॅडमना ते कळायला चार वर्षं आणि एक युद्ध लागलं.

मॅडम म्हणजे हेमचंद्रच्या साहेबांची बायको. सौदीत, दम्मामच्या बाहेर, समुद्राच्या बाजूला, एका फ्रेंच कंपनीची वसाहत होती. पुढे साहेब लोकांचे बंगले, मागे आपल्या इंजिनियरांची क्वार्टर्स आणि मधोमध एक मोठा हॉल. हेमचंद्रचा इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना, रजा, घरी जायचा परवाना, सगळं साहेबांच्या सहीवर चालायचं. त्यामुळे मॅडम हसल्या की मागच्या क्वार्टर्समधल्या बायका हसत आणि मॅडमना खोकला आला की तिथे आलं कुटलं जाई.

निवेदिता पेणची. माहेरी गणपतीचा कारखाना. दाराबाहेर रांगोळी काढायची इथे सोय नव्हती, म्हणून पहिल्या दिवाळीला तिने दाराच्या आत, बैठकीच्या खोलीत काढली. तीही ठिपक्यांची नाही, चांगली माणसाएवढी बाई, हातात पणती, पदराला जर. सहज म्हणून आलेल्या मॅडम चपला काढायच्या विसरल्या, मग आठवलं तेव्हा घाईने काढल्या. दुसऱ्या दिवशी त्या जुन्या पोस्टकार्डांचा गठ्ठा घेऊन हजर.

ती पोस्टकार्डं त्यांच्या गावाची. गाव कसलं, पॅरिसचं उपनगर, नाव व्होक्लेर. एके काळी तिथे एक ओढा होता आणि ओढ्याकाठी कपडे धुण्याचे लांबलचक मांडव. सगळ्या पॅरिसचे मळके कपडे घोडागाडीतून तिथे यायचे आणि व्होक्लेरच्या बायका गुडघ्यांवर बसून मोगरीने ते बडवायच्या. पुढे ओढ्यावर रस्ता आला, मांडवांच्या जागी कारखाने आले, मग कारखानेही गेले आणि दहा-दहा मजली इमारती उभ्या राहिल्या. मॅडम सांगायच्या आणि निवेदिता काढायची. वसाहतीत फरशा बसवण्याचं काम सतत चालू असायचं. तिथला संगमरवराचा भुगा ती मलमलीतून चाळून घ्यायची आणि त्यात रंग कालवायची. हॉलच्या फरशीवर व्होक्लेरचा मंगळवारचा बाजार उमटला, स्टेशनसमोरची केशकर्तनाची दुकानं उमटली, ओढ्यावर वाळत घातलेल्या चादरी उमटल्या. मॅडम फोटो काढायच्या, दोन दिवसांनी चित्र झाडून टाकलं जायचं.

निवेदिताला त्या गावाचा लळाच लागला. पेणला भोगावतीच्या काठी बायका अशाच धुणं धुताना तिने पाहिल्या होत्या. कुठल्या गल्लीत कुठल्या घराला दोन धुराडी आहेत हे आता मॅडमना आठवत नसे, निवेदिताला आठवे. तिथे कधी जायला मिळेल असं तिला वाटत नव्हतं. पण आपलं काम तिथे गेलंय, तिथली माणसं ते बघतायत, एवढं मॅडमनी सांगितलं होतं आणि तेवढ्यावर ती खूश होती.

मग सद्दामने कुवेत घेतलं आणि जानेवारीत लढाई सुरू झाली. दम्मामवर क्षेपणास्त्रं यायला लागली. बऱ्याच फ्रेंच बायका पोरांना घेऊन निघून गेल्या. मॅडम राहिल्या, कारण साहेब राहिले. आपल्या लोकांचा राहायचा न राहायचा प्रश्नच नव्हता, परवान्यांवर सह्याच होत नव्हत्या. हॉलच्या खिडक्यांना प्लास्टिक लावून कडेने चिकटपट्ट्या मारल्या, एसीची भोकं बुजवली. भोंगा झाला की तोंडावर मुखवटे चढवून सगळे तिथे जाऊन बसायचे.

फेब्रुवारीत तिथे एक पाहुणा आला. लुसियां नावाचा, पन्नाशीचा, ढगळ कोटातला गृहस्थ. व्होक्लेरच्या नगरपालिकेच्या पाक्षिकात लिहायचा. उत्तरेकडे फ्रेंच फौजेत त्यांच्या गावची काही मुलं होती, त्यांना भेटायला आला होता आणि जाता जाता वसाहतीत उतरला. मॅडमनी त्याला हॉलमध्ये चहाला बोलावलं आणि निवेदिताला समोसे करून आणायला सांगितलं.

ती ताट घेऊन आत आली तेव्हा लुसियां मॅडमना फोटो दाखवत होता. व्होक्लेरच्या नगरपालिकेचा जिना, आणि भिंतीवर एकाखाली एक लावलेली, फोटोंवरून मोठी केलेली चित्रं. बाजार. स्टेशन. चादरी.

"आमच्याकडे लोक थांबून बघतात," लुसियां इंग्रजीत निवेदितालाही कौतुकाने सांगू लागला. "म्हाताऱ्या बायका रडतात. मॅडमनी वाळवंटात बसून आमचं गेलेलं गाव परत काढलं. वाळूने! कोणाला खरं वाटत नाही."

प्रत्येक चित्राखाली पितळेची पट्टी होती आणि पट्टीवर ओदील मॅडमचं नाव.

"आणि ही निवेदिता," मॅडम घाईने म्हणाल्या. "मला रंग कालवून देते. फार मदत होते हिची."

निवेदिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताट मात्र तिने नीट ठेवलं, चटणीची वाटी सरळ केली, सगळ्यांना कागदी रुमाल दिले.

हे तिच्या बाबतीत दुसऱ्यांदा होत होतं. पेणच्या कारखान्यात मूर्तीची माती मळण्यापासून रंगापर्यंत सगळं पोरीबाळी करत, पण डोळे आखायचे ते कारखानदाराने. ज्याने डोळे आखले त्याची मूर्ती, असा तिथला कायदा. वडील थकले तेव्हा ब्रश तिचा भाऊ विवेक याच्या हाती गेला, आणि विवेकचा हात कापायचा. मग मागच्या खोलीत दार लोटून निवेदिताने डोळे आखले आणि पुढच्या खोलीत गिऱ्हाइकांनी विवेकची पाठ थोपटली. तेव्हा घरचीच गोष्ट म्हणून तिने ते गिळलं होतं. मॅडम काही घरच्या नव्हत्या.

"तू गप्प बस," संध्याकाळी हेमचंद्र म्हणाला. "इकामा त्यांच्या हातात आहे. वर ही लढाई. नावाचं काय घेऊन बसलीस?"

"अहो, मी कुठे काय बोलतेय?" निवेदिता म्हणाली. ती खरंच काही बोलत नव्हती. तिचं डोकं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम स्वतः मागच्या क्वार्टर्समध्ये आल्या. जरा पडेल चेहऱ्यानेच आल्या. पट्ट्यांचा घोळ तिकडच्या लोकांनी केला, मी कळवणारच होते, असं काहीबाही बोलल्या. निवेदिताने सरबत दिलं. मग मुद्दा निघाला. लुसियांला चित्र बनताना बघायचं होतं, बनवणारीचा फोटो हवा होता.

"माझ्या आईचं काढ," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी एक फोटो पुढे केला. व्होक्लेरच्या शेवटच्या मांडवासमोर एक बाई उभी, बाह्या कोपरापर्यंत, हातात मोगरी, मान खाली. "दुपारपर्यंत सगळं करून ठेव. थोडंसं काहीतरी बाकी ठेव, सोपं. तेवढं मी त्याच्यासमोर करीन. सर्वांत सोपं काय असतं?"

निवेदिताने फोटो खिडकीच्या उजेडात धरला.

"डोळे," ती म्हणाली. "पापण्या मिटल्यासारख्याच आहेत, मॅडम. दोन बारीक रेघा आणि दोन ठिपके. बाकी काही नाही."

असं खोटं ती आयुष्यात बोलली नव्हती. बोलताना तिला खूप बरं वाटलं.

ती हॉलमध्ये गेली आणि जीव ओतून कामाला लागली. सूड उगवायचा तर काम वाईट करून चालत नाही. वारा नाही, एसी बंद, प्लास्टिकमागून येणारा दुधी उजेड. रांगोळीला याहून चांगली जागा मिळाली नसती. तिने ओल्या कपड्यांचा ढीग काढला, मांडवाचं लाकूड काढलं, बाईच्या लाल पडलेल्या कोपरांवर साबणाचा फेस काढला. चेहऱ्याचा रंग तिने सात-आठ वेळा चाळून अंगावरच्या कातडीइतका मऊ केला. डोळ्यांच्या जागा तेवढ्या कोऱ्या ठेवल्या आणि शेजारी वाटीत काळा रंग ठेवला. काळा त्या कातडीच्या रंगावर सांडला की परत उचलता येत नाही, हे पेणच्या कारखान्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

दुपारी सगळे जमले. साहेब, लुसियां, दोन-चार फ्रेंच इंजिनियर, मागे हेमचंद्र. मॅडम निळ्या झग्यात, फरशीवर गुडघे टेकून बसल्या. लुसियांने कॅमेरा डोळ्याला लावला. निवेदिता भिंतीशी, हात मागे बांधून उभी.

मॅडमनी चिमूट उचलली. चिमूट धरणं आणि चिमूट सोडणं यात जे काही असतं, ते त्यांनी चार वर्षं समोर बसून पाहिलं होतं आणि पाहिल्यामुळे येतं असं त्यांना वाटलं होतं. काळ्याचा गोळा बदकन गालावर पडला. मॅडम "ओह" म्हणाल्या आणि त्यांनी तो फुंकला.

भुवई गेली. नाकाची कड गेली. काळा रंग गालावरून ओठांपर्यंत पसरला. त्यांनी घाबरून बोटाने पुसायला घेतलं आणि अर्धा चेहरा बोटाबरोबर आला. मोगरी धरलेली, कोपरं लाल झालेली बाई तशीच उभी राहिली, फक्त तिला तोंड राहिलं नाही.

लुसियांने कॅमेरा खाली घेतला. त्याने मॅडमच्या हातांकडे पाहिलं, स्वच्छ, फक्त दोन बोटं काळी. मग तो वळला आणि निवेदिताला म्हणाला, "हात दाखवता का?"

तिने दाखवले. नखांत निळा, बोटांच्या पेरांत कातडीचा रंग, मनगटापर्यंत संगमरवर.

"कोणी काढलंय हे?" लुसियांने मॅडमना विचारलं. साहेब मध्ये काही बोलणार होते, पण मॅडम रडत होत्या. आईचं तोंड आपल्याच हाताने पुसलं गेलं, याच्यापुढे त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

"हिने," त्या म्हणाल्या. "सगळी हिनेच काढली. निवेदिता, प्लीज, तिला नीट कर."

हेमचंद्रने खुणेने सांगितलं, कर, कर आणि संपव. इथे निवेदिता थांबू शकली असती. नाव मिळालं होतं. हिशोबाने पाहिलं तर फिटलं होतं. पण दोन वेळा गिळलेलं एका वेळेला फिटत नाही, असं तिला त्या क्षणी अगदी स्वच्छ वाटलं.

ती बसली. बिघडलेल्यावर तिने पुन्हा कातडीचा रंग चाळला, नाक बसवलं, ओठ बसवले. सगळे उभे राहून बघत होते. मग तिने काळी चिमूट घेतली आणि फोटोत खाली असलेली नजर वर उचलली.

बाईने डोळे उघडले. ती समोर, जिथे मॅडम उभ्या होत्या तिथे, सरळ बघू लागली. रागाने नाही; राग परवडला असता. घरातल्या पोरीने शेजाऱ्याची वस्तू उचलून आणली आणि ती फडताळात सापडली, तर आई जशी बघेल तशी. ही नजर निवेदिताला शोधावी लागली नव्हती, कालपासून ती तिच्या स्वतःच्याच तोंडावर होती. मॅडम एक पाऊल बाजूला सरकल्या. मग आणखी एक. नजर काही सुटेना.

"माझी आई अशी कधीच बघत नव्हती," त्या म्हणाल्या.

"मी त्यांना पाहिलं नाही, मॅडम. मला दिसल्या तशा काढल्या."

लुसियांने फोटो घेतला, अनेक घेतले. मग वही काढून निवेदिताला तिचं पूर्ण नाव विचारलं. तिने सांगितलं, माहेरच्या नावासकट.

लढाई संपली. प्लास्टिकं निघाली, एसी सुरू झाले, आणि मेमध्ये हेमचंद्रला कळवण्यात आलं की करार पुढे वाढणार नाही. खलास. तो आठवडाभर बायकोशी बोलला नाही. मग सामान बांधायच्या गडबडीत बोलणं सुरू झालं, कारण बोलल्याशिवाय सामान बांधता येत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मॅडम आल्या. दारातच उभ्या राहिल्या. ईस्टरला त्या व्होक्लेरला जाऊन आल्या होत्या. नगरपालिकेच्या जिन्यावर जुनी सगळी चित्रं तशीच होती, फक्त पट्ट्या बदलल्या होत्या. आणि अगदी वर, पाणीपट्टी भरायच्या खिडकीशेजारी, त्यांची आई.

"लोक विचारतात, ही अशी कोणाकडे बघतेय," मॅडम म्हणाल्या. "आम्ही पुढच्या वर्षी कायमचे तिथेच राहायला जातोय. मला रोज त्या जिन्यावरून जावं लागेल. मी लुसियांला सांगितलं, तिला भिंतीवरून काढ. तो म्हणतो, ज्याचं चित्र त्याने सांगितलं तरच काढीन." त्यांनी आत हेमचंद्रकडे पाहिलं. "तू दोन ओळी लिहून दे, निवेदिता. एवढंच. साहेबांशी मी बोलले आहे. करार होईल, तीन वर्षांचा."

हेमचंद्र खोक्याला दोरी आवळत होता, त्याचे हात थांबले. त्याने बायकोकडे ज्या आशेने पाहिलं ती बघून दुसरी कोणीही विरघळली असती. निवेदितालाही वाईट वाटलं, नाही असं नाही.

"चित्र तुमच्या आईचं आहे, मॅडम," ती अगदी नरमाईने म्हणाली. "आईला भिंतीवरून काढून टाका, असं मी कुठल्या तोंडाने लिहू?"

मॅडम दारातूनच परत फिरल्या. निवेदिताने दार लावलं, आत आली आणि हेमचंद्रसमोर गुडघ्यांवर बसून तिने दोरीचं दुसरं टोक हातात घेतलं.

"ओढा," ती म्हणाली.