तासिका तत्त्वावर

"मॅडम, बेकारीवर विचारलं तर कुठलं मत सांगू? पुस्तकात दोन हायती, आन् दोन्ही एकमेकांच्या उरावर बसलेली."

सतीश घामाघूम झाला होता. न्हावऱ्याचा हा मुलगा सहा वर्षांपूर्वी अकिला मॅडमच्याच वर्गात अर्थशास्त्र शिकला, पुढे प्राध्यापकीची सेट परीक्षा पास झाला, आणि आज एकाच जागेच्या मुलाखतीला त्यांच्या शेजारी येऊन बसला होता. मॅडम शिरूरच्या त्या कॉलेजात अकरा वर्षं तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे शिकवाल त्या तासाचे पैसे, सुट्टीत काही नाही, आणि दर जूनला नवा अर्ज. भरती बंद होती, म्हणून कायमची जागा आता कुठे २००९ साली निघाली होती. ही गेली की वय गेलं.

"तुला पटेल ते सांग" म्हटलं असतं तर कुणी बोट दाखवलं नसतं. पण विद्यार्थ्याने विचारलं की उत्तर द्यायचं, ही खोड अंगात मुरलेली.

"हे बघ, एक मत म्हणतं, मजुरी उतरू दिली की मालक माणसं घेतात, बेकारी आपोआप जाते. दुसरं म्हणतं, मजुरी उतरली की माणूस बाजारात हात आखडतो, मालाला उठाव राहत नाही, मग उरलेल्यांचंही काम जातं. गेल्या साली मंदीत एमआयडीसीतली पोरं घरी बसली, तेव्हा आमच्या तळेगावच्या बाजारातनं भाजी तशीच माघारी गेली ना?"

"म्हंजी दुसरं खरं."

"मलाही तेच वाटतं. पण आत बसलेत ते तज्ज्ञ पहिल्या मताचे. दौंडच्या चर्चासत्रात ऐकलंय मी त्यांना. तू पहिलंच सांग."

सतीश आत गेला आणि हसत बाहेर आला.

मॅडमनाही तोच प्रश्न आला. पहिलं मत त्यांना तोंडपाठ होतं. तोंडून निघालं भलतंच.

"सर, अकरा वर्षं या कॉलेजात सगळ्यांत स्वस्त मीच आहे. मजुरी उतरून नोकरी मिळत असती, तर ती मला पहिल्याच वर्षी मिळाली असती."

प्राचार्य खाली बघू लागले. "वैयक्तिक उदाहरणाने सिद्धांत ठरत नाही, बाई," तज्ज्ञ म्हणाले. ते बरोबरच होतं, आणि त्याचाच मॅडमना जास्त राग आला.

दुपारी यादी लागली. सतीश पाया पडला. त्याला मनापासून वाईट वाटत होतं आणि तो मनापासून खूशही होता. त्याला शिव्या द्याव्यात तर तीही सोय नव्हती.

प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. "पूर्णवेळ माणूस आला की तासिका बंद, नियम आहे. आजचाही तास बिलात धरता येणार नाही. पण एस. वाय.ची पोरं वर्गात बसलीयेत. तेवढा तास घ्याल का?"

मजुरी शून्यावर उतरली होती आणि काम बसल्या जागी मिळत होतं. मॅडमना हसू आलं, ते कडू होतं.

"घेते," त्या म्हणाल्या.

आणि घंटा होईपर्यंत शिकवलं.