मिल बंद असताना

चेतनानं पुन्हा एकदा हेडफोन कानांवरून खाली ओढले आणि भिंतीकडं बोट दाखवलं. भिंतीपलीकडं राइस मिल धडधडत होती, आणि ती धडधड उमरावजींच्या प्रत्येक वाक्यात घुसत होती.

"नाही जमत काकाजी. तुमच्यापेक्षा मिलच जास्त बोलून राहिली."

"मग तिचीच मुलाखत घे," उमरावजी म्हणाले. "मी तसाही काय सांगणार?"

ते मात्र खरं होतं. मुलानं, हिमांशूनं, लिहून दिलेला कागद ते वाचत होते. 'गुणवत्ता', 'विश्वास', 'तीन पिढ्यांची परंपरा'. म्हाताऱ्याच्या तोंडात ते शब्द काही केल्या बसत नव्हते. चेतना गोंदियाजवळच्या कुडव्याची. गोंदियातल्या दुकानदारांचे, क्लासवाल्यांचे पॉडकास्ट करून द्यायची. लोक स्वतःचं कौतुक कसं वाचतात हे तिला पाठ झालं होतं. तिला गोडी होती ती कागदावर नसलेल्या गोष्टींची.

आणि इथं तशी एक गोष्ट होती. मागच्या उन्हाळ्यात मिलच्या धुराड्यातून उडालेली राखड गावभर पडली. बाजांवर वाळत घातलेल्या लाखोळी डाळीच्या वड्या काळ्याठिक्कर झाल्या. तेव्हापासून गावानं मिलशी बोलणंच टाकलं. धानाचे ट्रॅक्टर फाटकावरून सरळ पुढं, अर्जुनीच्या मिलकडं जाऊ लागले. उमरावजींच्या आजोबांनी खपून गावाचा तलाव बांधला, आणि त्याच तलावाच्या पाण्यावर पिकलेलं धान आता नातवाच्या दारात थांबेना. हिमांशूला वाटलं, आपली बाजू लोकांपर्यंत पोचली पाहिजे. मोठमोठ्या कंपन्या हल्ली पॉडकास्टच काढतात.

"काकाजी," चेतनानं सहज विचारावं तसं विचारलं, "वड्या खराब झाल्या तेव्हा लोक आले असतील ना तुमच्याकडं? काय म्हणाले?"

उमरावजींनी कागद उलटसुलट करून पाहिला. "हे यात नाही."

"म्हणूनच विचारून राहिली."

"आले होते. ती रुख्मा सगळ्यांच्या पुढं. पण मिल चालू होती. काय बोलली, ऐकू आलं नाही. मी हातानंच म्हटलं, जा."

"मग नंतर?"

"नंतर काय? गेले." त्यांनी कागदाची घडी घातली. "हिमांशू! मिल बंद कर रे जरा."

हिमांशू दारातच उभा होता. "दिवसा? ऐन हंगामात?"

"कर म्हणतो ना. ही पोरगी काही ऐकत नाही."

मिल थांबली. चेतनाला आधी वाटलं, आपल्याच कानांना काही झालं. मग छपरावरची कबुतरं ऐकू आली, कुठल्याशा नळाची टिपटिप ऐकू आली. उमरावजीही मान वर करून ऐकत बसले होते.

"लाइट गेली की जनरेटर सुरू होते," ते हळूच म्हणाले. "दिवसाची मिल अशी बंद पडली ती हिमांशूची आई, माझी सुमित्रा, गेली तेव्हा. त्याच्या आधी बाबा गेले तेव्हा."

हे कागदावर नव्हतं. चेतनानं घाईघाईनं रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि सुमित्राबाईंबद्दल विचारू लागली. उमरावजी बोलू लागले, आणि काय छान बोलू लागले! अर्धा-पाऊण तास झाला असेल, तोच बाहेर पावलं वाजली. एक नाही, पुष्कळ.

हिमांशू फाटकाकडं धावला. चेतना मागोमाग गेली आणि पाहतच राहिली. पुढं गावातला उदाराम, खांद्यावर तिरडीचे दोन हिरवे बांबू. त्याच्यामागं खांद्यावर दुपट्टे टाकलेले पुरुष, डोक्यावर पदर घेतलेल्या बाया. ज्याच्या त्याच्या हातात एकेक लाकूड. गावात कुणाच्याही घरी मयत झाली की सरणासाठी घरटी एक लाकूड न्यायचं, ही रीत. एकेक जण फाटकाशी लाकूड ठेवत होता.

"मिल बंद पडली तवाच समजलो. कधी गेले गा?" उदारामनं हिमांशूच्या खांद्यावर हात ठेवत विचारलं.

आता घ्या!

"कोण गेलं?" मागून आवाज आला. उमरावजी हातात हेडफोन घेऊन स्वतःच बाहेर आले होते.

उदारामच्या खांद्यावरचे बांबू खाली आदळले. कुणीतरी "अगा बाप्पा!" म्हटलं, कुणी फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. सगळ्यांच्या मागं एक काटकुळी बाई होती. तिच्या हातातलं बाभळीचं लाकूड अजून हातातच होतं.

"रुख्माबाई," उमरावजी म्हणाले, "तुम्ही तर गावभर म्हटलं होतं, या फाटकात पाय ठेवणार नाही."

"म्हटलं होतं जी." रुख्मानं डोळे पुसले, आणि आपण ते पुसले याचाच तिला राग आला असावा. "मयतीले येतात. मयतीचं वेगळं रायते."

"माझ्यासाठी लाकूड आणलंत. मग जित्या माणसाशी काऊन बोलत नाही?"

"जिता माणूस आयकते का?"

उमरावजींनी फाटकाशी पडलेल्या लाकडांकडं पाहिलं. साल निघालेली, वाळकी, कुणाच्या चुलीपुढून उचललेली. मग त्यांनी चेतनाकडं वळून विचारलं, "हे कानाला कसं लावतात?"

तिनं हेडफोन नीट बसवून दिले. माईक आणून रुख्मासमोर ओट्यावर ठेवला. रुख्मा खाली बसली, लाकूड मांडीवर आडवं ठेवून.

"यात बोलायचं?"

"होय मावशी. जसं बोलता तसं."

तिनं माईकला बोट लावून पाहिलं. उमरावजी दचकले, आणि गाव पहिल्यांदा मोकळं हसलं.

"बाबा," हिमांशूनं हातानं खूण करून विचारलं, "मिल सुरू करू?"

उमरावजींनी मागं न पाहता हात वर करून त्याला थांबवलं.

"पयले वड्यांचं सांगतो," रुख्मा म्हणाली.